पुडक्याचं चालू खातं

आमच्या गावाचं नाव कोंढा. तालुका पवनी, जिल्हा भंडारा. शेजारच्या कोसऱ्याची जोड लावून लोक 'कोंढा-कोसरा' असं एका दमात म्हणतात. 'ढ' या अक्षराला गावात कुणी नावं ठेवत नाही. पण बाहेरच्या माणसाची जीभ नेमकी तिथं अडखळते आणि तो बिनदिक्कत 'कोंडा' म्हणून मोकळा होतो. पुण्याकडच्या एका गृहस्थानं लग्नात मला मोठ्यानं विचारलं, "म्हणजे आपण कोंड्याचे का?" पुढचा अर्धा तास त्याची बायको माझ्या डोक्याकडे पाहत होती.

मला त्याचा राग येत नाही. धानाच्या मुलखातल्या माणसानं कोंड्याचा राग करूच नये. तांदळाच्या दाण्याला निसर्गानं दोन वेष्टणं दिली आहेत : बाहेरचं तूस आणि आतला कोंडा. दोन्ही दाण्याच्या मापानं बेतलेली, दोन्हींना चिकटपट्टी नाही, वर फुलाची रिबीन नाही. आणि काम झाल्यावर दोन्हींतलं काही वाया जात नाही. तूस जळणाला जातं, कोंडा म्हशीच्या पोटात जातो, हल्ली तर कोंड्याचं तेलही निघतं. 'कोंड्याचा मांडा' करून खाण्याची काटकसर मराठी भाषेनं कायमची नोंदवून ठेवली आहे. तेव्हा कमी पैशात, निसर्गाला धक्का न लावता भेटवस्तू कशी गुंडाळावी, या विषयावर बोलायचा पहिला हक्क कोंढ्याच्या माणसाचा, असं मी नम्रपणे मानतो.

हा विषय दर दिवाळीला निघतो. दिवाळी जवळ आली की दुकानांच्या दारात चकचकीत कागदाच्या गुंडाळ्या शिपायांसारख्या उभ्या राहतात. मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. वस्तू विकत घेतली की तिचा घसारा काढायचा, हे आम्हाला कॉलेजात इतकं पढवलं होतं, की अजून नवी चप्पल पायात घालताना तिची आजची किंमत किती उरली हे मी मनात मांडतो. टेबलाचा घसारा वर्षाकाठी थोडा, पंख्याचा थोडा जास्त. पण गिफ्ट पेपर ही जगातली एकच चीज अशी, की जिचा शंभर टक्के घसारा दहा सेकंदांत होतो. घरात लहान मूल असलं तर पाच सेकंदांत. आणि इतकं करून ती रद्दीतही जात नाही. त्यावरच्या चकाकीमुळे रद्दीवाला ती दोन बोटांनी बाजूला काढतो.

माणूस हा खर्च का करतो? आणि पूर्वी करत नव्हता तेव्हा त्याचं काही अडत होतं का? बँकेत तफावत निघाली की आम्ही मागची पानं उलटत जातो. मीही तसंच करायचं ठरवलं.

सगळ्यात मागं गेलं की नाव सापडतं सुदाम्याचं. भागवताच्या दहाव्या स्कंधात ही सगळी उलाढाल नोंदलेली आहे. घरात द्यायला काही नाही, म्हणून बायकोनं शेजारच्यांकडून चार मुठी पोहे मागून आणले. म्हणजे बिनतारण, बिनजामीन कर्ज. ते फाटक्या वस्त्राच्या तुकड्यात बांधून नवऱ्याच्या हाती दिले. वेष्टणाचा खर्च शून्य. द्वारकेतला थाट पाहून सुदाम्याची मान खाली गेली आणि पुडकं बाहेर निघेना. मग कृष्णानंच ते ओढून घेतलं. फडकं फाटकं आहे, यावर त्यानं एक अक्षर काढलं नाही. पहिली मूठ तोंडात टाकली, दुसरी उचलली, तेवढ्यात रुक्मिणीनं हात धरला. एका मुठीतच परतफेड पुरून उरली होती. मंजुरीची मर्यादा ओळखून वेळेवर हात धरणारी अशी अधिकारी आजही प्रत्येक शाखेत हवी. पोहे धानाचेच असतात, एवढ्या आधारावर आमचा जिल्हा या कथेत थोडासा वाटा मागू शकेल.

दुसरं पान खुद्द आमच्या पवनीचं. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं आणि प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. दोन हजार वर्षांहून जुने. तिथल्या दगडांवर ब्राह्मी लिपीत लेख आहेत आणि त्यांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. दगडी खांब गुंडाळून देता येत नाही हे उघड आहे. पण देणाऱ्याचं नाव मात्र घेणाऱ्याच्या नजरेसमोर कायम राहावं, ही हौस तेव्हाही होती. आज देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर 'यांच्या स्मरणार्थ' लिहिलेलं असतं, त्याचीच ही दगडी आवृत्ती. फरक इतकाच, की पंखा चालू झाला की नाव दिसेनासं होतं.

हीच हौस पुढं भांड्यांवर आली. भंडारा हे पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं गाव. लग्नात द्यायचं तर पितळेचा डबा, तांब्या, पातेलं. पुढं स्टील आलं, तरी रीत तीच. दुकानातच एक माणूस टक-टक-टक करत भांड्याच्या पोटावर नाव आणि तारीख कोरून देई. अशा भांड्याला कागदाची गरज नव्हती. उलट डबा हाच आतल्या लाडवांचं वेष्टण. लाडू दोन दिवसांत संपत, वेष्टण तीन पिढ्या टिके. आमच्या घरात अजून एक तांब्या आहे. त्यावर ज्यांचं नाव आहे ते कोण, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. पण रोज सकाळी पाणी पिताना आम्ही त्यांचं नाव वाचतो. एवढी जाहिरात कुठल्याही कंपनीला परवडायची नाही.

बाकी रोजची देवघेव पानांवर चाले. 'पळसाला पानं तीन' ही म्हण इतर महाराष्ट्रात 'कुठंही जा, सारखंच' या अर्थानं वापरतात. आमच्याकडे ती पॅकिंगच्या सामानाची यादी समजावी. एका पानात लोण्याचा गोळा, दोन पानांत जांभळं, तिन्ही जोडून काडी टोचली की द्रोण, आणि पुष्कळ जोडली की पत्रावळ. फेकलं तर गाय खाते, गायीनं नाही खाल्लं तर माती खाते. दसऱ्याला तर आम्ही वेष्टण आणि वस्तू हा भेदच मिटवून टाकतो. आपट्याचं पान द्यायचं, 'सोनं घ्या' म्हणायचं. आत काही नाही, बाहेर काही नाही, पान हीच भेट. कौत्साच्या गुरुदक्षिणेसाठी कुबेरानं सोन्याचा पाऊस पाडला, त्या कथेवर आपण इतकी शतकं पानांत भागवतो आहोत. चलन टिकतं ते विश्वासावर, असं आम्हाला अर्थशास्त्रात शिकवलं होतं; त्याचं याहून चांगलं उदाहरण मला कुठल्या पुस्तकात दिसलं नाही. फक्त त्यासाठी फांद्याच्या फांद्या ओरबाडू नयेत, एवढंच.

गुंडाळण्याच्या कलेत आमच्या भागाचा हात कुणी धरू शकत नाही, याचा आणखी एक पुरावा बिडी. भंडारा आणि गोंदिया हे १ मे १९९९ पर्यंत एकच जिल्हा होते, आणि या सगळ्या टापूत तेंदूपत्त्याचं आणि बिड्या वळण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, वर दोऱ्याची गाठ. बायकांची बोटं हे काम बोलता बोलता करत. कागद नाही, डिंक नाही. आतला माल प्रकृतीला वाईट निघाला, म्हणून वेष्टणाची कीर्ती झाली नाही. काही माणसांचंही असंच होतं.

उलट प्रकार कोशाचा. ऐनाच्या झाडावर वाढणारी टसरची अळी स्वतःभोवती जे पुडकं विणते, तो कोसा. आमच्याकडचे ढिवर लोक हा कोसा पिकवतात आणि मोहाडीजवळच्या आंधळगावात त्याची लुगडी-पातळं विणली जातात. इथं माणसानं आतला जीव टाकून वेष्टणालाच भाव दिला. वेष्टणाच्या मोहात आतल्याचं काय होतं, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं कोशाचा विचार करावा.

आता कागदाकडे येऊ. कागद हा लिहिण्यासाठी जन्माला आला, असा शिकल्या-सवरल्या लोकांचा समज असतो. तो तितकासा खरा नाही. चीनमध्ये शीआनजवळ १९५७ साली सापडलेले कागदाचे जुने तुकडे कांस्याच्या आरशांभोवती होते, आणि ते ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातले मानले जातात. म्हणजे कागद आधी पुडी बांधायला लागला आणि मग त्यावर कविता झाल्या. पुढं दक्षिण सोंग राजवटीत, म्हणजे ११२७ ते १२७९ या काळात, दरबाराकडून अधिकाऱ्यांना पैसे कागदी पाकिटात घालून दिले जात. पाकीट आणि सरकारी अधिकारी यांचं नातं इतकं जुनं आहे, आणि त्यात देणारं खुद्द सरकार होतं, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

आपल्याकडे कागद स्वस्त झाला आणि पानाची जागा वर्तमानपत्रानं घेतली. नेपानगरच्या वर्तमानपत्री कागदाच्या गिरणीचं उद्घाटन १९५६ साली पंडित नेहरूंनी केलं. देशाच्या वृत्तपत्रसृष्टीला तिचा केवढा आधार झाला, ते थोरामोठ्यांनी लिहिलंच आहे. किराणा दुकानदारांना झालेल्या आधाराबद्दल मात्र कुणी लिहिलेलं नाही. आमच्या लहानपणी शेंगदाण्याच्या पुडीतून आम्ही जगाचं ज्ञान मिळवलं. ते सगळं मधलं असे. वर फाटलेलं, खाली संपलेलं. एखादा मंत्री राजीनामा देणार की नाही, हे शेंगदाणे संपेपर्यंत कळत नसे आणि नंतरही कळत नसे. २०१६ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं सांगितलं, की छपाईच्या शाईचे अंश पोटात जातात, तेव्हा वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत. ते बरोबरच आहे. पण पुस्तक, बाहुली किंवा स्टीलचा डबा गुंडाळायला वर्तमानपत्राइतकं बरं काही नाही. डब्याला शाई बाधत नाही.

कागद पुन्हा वापरायचा, हे आमच्या विदर्भाला शिकवायला नको. वर्ध्याला मगनवाडीत १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा केला, कुमारप्पांनी तो चालवला, आणि हातकागद हा तिथल्या उद्योगांपैकी एक. आलेल्या पाकिटाची शिवण उसवून आतल्या कोऱ्या बाजूवर गांधीजी लिहीत, हे जगजाहीर आहे. हा माणूस गिफ्ट पेपरच्या दुकानात शिरला असता तर दुकानदाराचं काय झालं असतं, याची कल्पना करून पाहावी. बहुधा त्यानंच तासाभरात चरखा मागवला असता.

तर हा गिफ्ट पेपर आला कुठून? अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी या गावातून. तिथं जॉईस हॉल आणि रोली हॉल हे दोघे भाऊ शुभेच्छापत्रांचं दुकान चालवीत. १९१७ च्या नाताळात गुंडाळायचा साधा पातळ कागद संपला. गिऱ्हाईक दारात उभं. मग त्यांनी पाकिटांना आतून अस्तर लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद होता तो काढला आणि दहा सेंटला एक ताव असा काउंटरवर मांडला. बघता बघता खलास. दोन-तीन वर्षांत ते स्वतःच असा कागद छापू लागले. म्हणजे ज्याला आपण आज प्रेमाचं प्रतीक वगैरे समजतो, तो मुळात माल संपल्यावर सुचलेला तोडगा होता. दुकानदाराच्या अडचणीतून गिऱ्हाइकाची गरज तयार झाली, ती अजून भागायची आहे. पुढं १९३० साली रिचर्ड ड्र्यू यांनी पारदर्शक चिकटपट्टी बाजारात आणली आणि सुतळीची उरलीसुरली सत्ता गेली.

नोकरीमुळे असेल, पण मला या १९१७ चं विशेष वाटतं. त्याच वर्षी, ३० नोव्हेंबरला, आपल्याकडे एक रुपयाची पहिली नोट निघाली. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, रुपयाचं नाणं पुरेना, म्हणून कागद. तिकडे कागद संपला म्हणून दुसरा कागद, इकडे चांदी संपली म्हणून कागद. ही नोट १९९४ साली छापणं बंद झालं आणि २०१५ साली पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात आहेराच्या पाकिटावर एक रुपयाचं नाणं चिकटवण्याची युक्ती कुणी काढली त्याला माझा नमस्कार. लग्नसराई आली की आमच्या काउंटरवर माणसं कुजबुजतात, "कोऱ्या नोटा आहेत का जी?" शंभराची नोट जुनी दिली काय, नवी दिली काय, किंमत तीच, हे मी समजावून सांगत नाही. नोट कोरी पाहिजे, कारण तीच वस्तू आणि तेच वेष्टण. आपट्याच्या पानासारखं.

आणि बँकेतलं वेष्टण म्हणाल तर आमच्याइतकी साधी राहणी कुणाची नाही. शंभर नोटांच्या गड्डीला दोन बोटं रुंदीची कागदाची पट्टी, वर शिक्का आणि सही. पूर्वी पिनाही ठोकत. रिझर्व्ह बँकेनं २००१ साली त्या बंद करायला लावल्या, कारण नोटा फाटत. म्हणजे पाचशेच्या नोटांचे पन्नास हजार रुपये बांधायला आम्हाला वीतभर कागद पुरतो, आणि पन्नास रुपयांचा कप द्यायला माणसाला चाळीस रुपयांचं पुडकं लागतं. आत काही भरीव असलं की बाहेरची पट्टी अरुंद चालते, असा एक नियम मांडता येईल.

आमच्या गावात गिफ्ट पेपर पहिल्यांदा दिसला तो मी शाळेत असताना, नव्वदच्या दशकात. तोवर आमच्याकडे सणाची देवघेव तीन गोष्टींत बांधून होई : बुरडानं विणलेली बांबूची दुरडी, पितळी डबा आणि वर बांधायला जुन्या लुगड्याचं फडकं किंवा दुपट्टा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी संपली की सण संपत नाही. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार आणि नाटक होतं, लेकी माहेरी येतात, आणि दुरड्या-डब्यांची गावोगाव ये-जा सुरू होते. यात न लिहिलेला एक नियम होता. आलेलं भांडं आणि आलेलं फडकं परत करायचं; आणि रिकामं परत करायचं नाही. डब्यात चार अनारसे, नाहीतर वाटीभर साखर, अगदीच काही नसलं तर मूठभर तांदूळ. मग समोरच्याकडे आपलं फडकं गेलेलं असायचं, ते परत यायचं, तेही रिकामं नाही.

आम्हा बँकेतल्या माणसांना याचं नाव ताबडतोब सुचतं : चालू खातं. शिल्लक कधीच शून्य होत नाही, आणि दोन्ही पक्षांना वाटतं की आपणच थोडं देणं लागतो. गिफ्ट पेपरचं उलट आहे. फाडला की व्यवहार पुरा. परत करायला काही नाही, परत जायला निमित्त नाही. खातं बंद.

हे खातं काय चीज असतं, ते मी आमच्याच घरात पाहिलं. माझे बाबा आणि आत्याचे यजमान यांचं एका धुऱ्यावरून वाजलं. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. त्याची रुंदी दोन हात, भांडणाची लांबी सहा वर्षं. बोलणं बंद, येणं-जाणं बंद, भाऊबीजही बंद. पण भांडण झालं तेव्हा आत्याचा एक पितळी डबा आमच्याकडे राहिला होता. आई दर दिवाळीला तो चिंचेनं घासायची, उन्हात वाळवायची आणि फळीवर ठेवून द्यायची. एकदा बाबा म्हणाले, "देऊन टाक तो डबा त्याईचा." आई म्हणाली, "रिकामा देता येत नाही, आन्‌ भरून देऊ म्हटलं त तुमी देऊ देत नाही." यावर बाबांकडे उत्तर नव्हतं. आमच्या बँकेत दोन वर्षं देवघेव झाली नाही की खातं निष्क्रिय धरतात. आईच्या वहीत तसला नियम नव्हता.

मी सातवीत असताना मंडईच्या आदल्या दिवशी आईनं त्या डब्यात नव्या धानाचे पोहे भरले, वर चार अनारसे ठेवले, आणि खुंटीवरचा बाबांचा दुपट्टा काढून त्यात डबा बांधला. बाबांना विचारलं नाही. मला एसटीत बसवून दिलं. सांगितलं, "काही बोलू नको. हाती दे आन्‌ पाया पड."

आत्यानं पुडकं हातात घेतलं आणि उघडलं नाही. दुपट्ट्याच्या एका कोपऱ्याला बिडीनं जळलेलं भोक होतं. त्यातून तिनं बोट घातलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. आमच्याकडे आता ओळख पटवायला तीन-तीन कागद मागतात. तिला एक भोक पुरलं. मग तिनं डबा रिकामा करून धुतला, त्यात तीळ भरले आणि माझ्या हाती दिला. दुपट्टा घडी करून आपल्या पेटीत ठेवला. म्हणाली, "दुपट्टा राहू दे माह्याजवळ. तुह्या बापाले सांगजो, पायजे असन त सोता येऊन घेऊन जाय म्हणा."

बाबा दोन दिवस घरभर दुपट्टा शोधत होते. तिसऱ्या दिवशी आईनं काय ते सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. सायकल काढली आणि गेले. संध्याकाळी येतो म्हणून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी रात्री परत आला. नाटक पाहून आलो, म्हणाले. बहिणीच्या गावचं. आईनं विचारलं, "आन्‌ दुपट्टा?" बाबांनी खांद्याला हात लावून पाहिला. दुपट्टा तिथंच राहिला होता.

आई म्हणाली, "राहू द्या. पुन्ना जायले बरं."

तो धुरा अजून तिथंच आहे आणि कुणाचा, हे अजून ठरलेलं नाही. दुपट्टा पुढं कितीदा आला-गेला, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. पण त्या दिवशी आत्याकडे खरी भेट पोहे नव्हते, अनारसेही नव्हते, हे सातवीतल्या पोरालाही कळलं होतं.

आता सरकारही पुडक्यांच्या मागं लागलं आहे. महाराष्ट्रानं मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटल्या बंद केल्या, तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्या पत्रावळींना पुन्हा बोलावणं आलं. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर चढवायचा प्लास्टिकचा पातळ कागदही आहे. जपानमध्ये तर २००६ साली पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी वस्तू कापडात बांधायच्या जुन्या रिवाजाचा सरकारी प्रचार केला. त्या चौकोनी कापडाला तिकडे 'फुरोशिकी' म्हणतात. गाठ कशी मारायची, बाटली कशी बांधायची, कलिंगड कसं बांधायचं, याची चित्रं काढून लोकांना दिली. ती चित्रं मी आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या मावशींना मोबाइलवर दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि विचारलं, "हे बोचकं बांधणं शिकाले शाळेत जा लागते का जी तिकडे?"

तेव्हा यंदाच्या दिवाळीसाठी कोंढ्याच्या माणसाच्या चार सूचना. पुस्तक द्यायचं असेल तर मागच्या वर्षीचं बँकेचं कॅलेंडर घ्यावं. पाठची बाजू कोरी असते, कागद जाड असतो, आणि ज्याला तारखा आवडतात त्यानं सुलटी बाजू वर ठेवावी. घट्ट पुडकं करायला सुतळी आणि तिच्यात खोचलेलं झेंडूचं फूल. चिकटपट्टी लागत नाही आणि कागद फाटत नाही, म्हणजे तो पुढच्या वर्षी पुन्हा कामाला येतो. फराळ द्यायचा असेल तर डबा किंवा बुरडाची दुरडी. जो बांबू बुरडाच्या हाती दुरडी होऊन दहा वर्षं टिकतो, त्याचाच लगदा करून गिरणीत कागद होतो आणि तो दहा सेकंदांत फाटतो. घसारा तुम्हीच काढा. आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे कापड. नवं घ्यायची गरज नाही. आईच्या जुन्या पातळाचा काठ, उसवलेल्या ब्लाउजपीसचा खण, बाबांचा दुपट्टा. भोक असलं तर दडवू नये.

खर्च जवळजवळ शून्य. पृथ्वीलाही त्रास नाही. एकच जोखीम आहे आणि ती आधीच सांगतो, कारण अटी आणि शर्ती बारीक अक्षरांत लिहायची आमच्या धंद्यातली सवय मला आवडत नाही : कापड दिलं की खातं उघडतं. समोरचा माणूस ते परत करायला येणार, बसणार, चहा पिणार, मागच्या वर्षीच्या पावसाबद्दल बोलणार. ज्याला हे नको असेल त्यानं खुशाल चकचकीत कागद घ्यावा.

आणि कोंढ्याहून कधी फडक्यात बांधलेलं काही तुमच्याकडे आलं, तर फडकं धुऊन परत पाठवा. फक्त रिकामं पाठवू नका. मूठभर तांदूळ चालतील.